गाळाच्या ढिगाला हाक

याह्याभाईंना तुम्ही ओळखत नसाल, पण त्यांचा आवाज तुमच्या घरात कधीच शिरलेला आहे. संभाजीनगरच्या कुठल्याही गल्लीत सकाळी उभं राहा. हातगाडीला टांगलेला भोंगा ओरडत येतो, 'लसूण घ्या लसूण, गावरान लसूण, फोडणी तुमच्या घरात अन् ठसका शेजाऱ्याला.' तो आवाज याह्याभाईंचा. गाद्या भरून देणारा, भंगारवाला, नाथसागराचे मासे विकणारा, जुन्या साड्यांवर भांडी देणारी बाई, या सगळ्यांच्या भोंग्यातून बोलतात ते हेच गृहस्थ. बाईच्या भोंग्यातूनसुद्धा हेच, आणि त्याची त्यांना जराही लाज नाही.

मला त्यांचा राग होता आणि रागाला कारण होतं. मी नर्स. रात्रपाळी करून सकाळी पुंडलिकनगरात घरी येते, चहा घेते आणि झोपते, म्हणजे झोपायचा प्रयत्न करते. पाठ टेकली की लसूण. डोक्यावर उशी घेतली की गाद्या. एका सकाळी मी गाउनवर ओढणी टाकून तशीच खाली उतरले आणि लसूणवाल्याची गाडी धरली. तो बिचारा म्हणाला, 'मॅडम, मी तोंडसुद्धा उघडलेलं नाय, बोलतोय तो रोशनगेटचा याह्याभाई.' मी म्हटलं, पत्ता दे.

रोशनगेटच्या आतल्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दाराला जाडजूड रजई टांगलेली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, मध्ये एक माईक आणि स्टुलावर ज्येष्ठमधाची बरणी. माईकसमोर याह्याभाई एका टरबूजवाल्याशी हुज्जत घालत होते. टरबूज कापून दाखव, म्हणत होते. त्यांची रीतच ती. माल बघितल्याशिवाय, हातात घेतल्याशिवाय, खायचा असेल तर खाल्ल्याशिवाय ते आवाज देत नाहीत. टरबूज फिकं निघालं तर 'लाल लाल' म्हणत नाहीत, नुसतं 'थंडगार' म्हणतात. या हट्टापायी त्यांची गिऱ्हाइकं चिडतात, पण जातात त्यांच्याकडेच.

मी माझी तक्रार मांडली. चांगली तावातावानं मांडली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, 'सिस्टर, लेकिन लसूण घेतला का नाय?'

घेतला होता. तो पिशवीतून दिसतही होता.

त्यानंतर माझा राग टिकणं शक्य नव्हतं. त्यांनी सगळ्या गाडीवाल्यांना बजावलं की पुंडलिकनगरात दुपारनंतर जायचं, तिथं एक सिस्टर झोपते. निम्म्यांनी ऐकलं. उरलेले निम्मे अजून येतात, पण माझ्या खिडकीखाली आले की बटण बंद करतात आणि कोपऱ्यावर गेले की पुन्हा चालू करतात. एवढी इज्जत मला माझ्या सासरीसुद्धा मिळाली नाही.

घरी जाणं-येणं सुरू झालं तेव्हा कळलं की याह्याभाई माईकशिवायही तसेच बोलतात. मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं. हसीनाभाभी म्हणतात, यांनी माझ्या कानात एक गोष्ट सांगितली आणि शेजारचा म्हणाला, हौ, बराबर बोलते भाई. लहानपणी वडिलांच्या गाडीवर उभे राहून बाजारात बोंबलायचे, तेव्हापासून गळ्याला खालची पट्टी माहीतच नाही. हल्ली मात्र ते थोडे खट्टू असतात. फोनमध्येच आवाज तयार होतात आता. एक बाई बोलते, बातम्या वाचल्यासारखी, 'कांदे उपलब्ध आहेत.' याह्याभाई म्हणतात, 'तिनं कांदा कापला तरी हाय का कधी?' तेवढ्यापुरतं चिडतात, मग हसतात. स्वभावच तसा, फार वेळ तोंड पाडून बसणं जमत नाही त्यांना.

आता माझ्या भावाकडे येते, कारण त्याच्यावाचून पुढची गोष्ट नाही. कचरू माझ्यापेक्षा धाकटा. आमचं गाव पैठण रोडवर, चितेगाव सोडून थोडं आत. गावाला तलाव आहे. काही वर्षांपूर्वी मोठा पाऊस झाला, ओढ्यानाल्यांना पूर आला आणि धरणाच्या फुगवट्याकडून एक मगर चढून आली ती तलावातच राहिली. मादी होती. गावानं ग्रामसभा भरवली. हिला धरून न्या, असं सगळ्यांचं म्हणणं. एकटा कचरू उभा राहिला आणि म्हणाला, तिनं अजून कुणाचं कोंबडंसुद्धा नेलं नाय, तिचा एक कोपरा तिला सोडा, जबाबदारी माझी. त्यानं स्वतः बाभळीच्या काट्या तोडून तलावाच्या उत्तरेच्या कोपऱ्याला कुंपण घातलं, म्हशी दुसऱ्या काठाला धुवायला लावल्या, दगड मारणाऱ्या पोरांचे कान पिळले. गाव तिला 'कचरूची सासू' म्हणायला लागलं. पाहुणा आला की कचरू त्याला चहाच्या आधी सासू दाखवायला न्यायचा.

उन्हाळ्यात आमच्याकडे तलावाचा गाळ काढतात. पाणी खाली गेलं की जेसीबी उतरतो, ट्रॅक्टर रांग लावतात आणि ज्यानं त्यानं आपल्या रानात गाळ नेऊन टाकायचा. काळा गाळ पडला की रान दोन-तीन वर्षं खत मागत नाही. पाऊस यायच्या आत हे उरकावं लागतं, त्यामुळे शेवटी शेवटी नुसती झुंबड असते. या वर्षी मे संपत आला, आभाळ भरून यायला लागलं आणि सगळा चांगला गाळ उपसून झाला होता. राहिला होता फक्त उत्तरेचा कोपरा. कुंपणामुळं तिथं कुणाचा पाय पडलेला नव्हता, गाळ लोण्यासारखा. चार जणांनी आग्रह धरला आणि कचरूलाही मोह झाला, उगाच कशाला नाही म्हणू. सासू खोल पाण्यात होती. त्यानं आपल्या हातानं कुंपण उघडलं, काठाचा उंचवटा जेसीबीनं उकरला आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या ट्रॉल्या भरून घेतल्या. ओढा वाहता होता तेव्हा ती धरणाकडं नर गाठून आली होती आणि त्या उंचवट्यात तिनं अंडी पुरून ठेवली होती, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची आत्या गोजरबाई रानातून सरपण घेऊन येत होती. कचरूच्या रानात गाळाचे ढीग पडलेले होते, अजून पसरायचे होते. कुठल्यातरी ढिगातून तिला बारीक आवाज आला. कुणाची कोंबडीची पिल्लं गाडली गेली की काय म्हणून तिनं कचरूला हाक मारली. कचरू आला तोवर आवाज बंद. मग दोघं तलावाकडे गेले, तर मगर पाण्याबाहेर येऊन उकरलेल्या जागी बसलेली. मागच्या पायांनी माती उकरत होती, थांबत होती, मान वाकडी करत होती, पुन्हा उकरत होती. माणसं दिसली तरी हलेना. आता कचरूला सगळं कळलं.

मी नुकतीच ड्यूटीवरून आले होते. कचरूचा फोन आला, त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. वनखात्याच्या मोनाली मॅडम आल्यात म्हणाला. त्यांनी सांगितलं होतं की पिल्लं बाहेर यायच्या वेळी अंड्यातूनच आवाज देतात, आई तो आवाज ऐकून माती उकरते आणि त्यांना मोकळं करते. आई आवाज ऐकेपर्यंत उकरत नाही आणि पिल्लांना स्वतःहून वर येता येत नाही. इथं आई राहिली तलावावर, पिल्लं बांधापलीकडं रानात, वर ओल्या गाळाचं ओझं आणि त्यावर ऊन. संध्याकाळपर्यंत सापडली तर जगतील. ढीग सारे एकसारखे आणि सगळ्या रानभर. फावडं घालावं तर पिल्लू कापलं जायचं. मोनालीनं आपल्या फोनवर पिल्लांचा आवाज वाजवला होता, कारण एकानं आवाज दिला की बाकीची पिल्लं उत्तर देतात म्हणे, पण वाऱ्यात तो फोन दोन हातांवर ऐकू येईना.

'ताई, तुझा तो भोंगावाला भाऊ हाय ना, त्याला घेऊन ये,' कचरू म्हणाला. 'मी तिला ऱ्हा म्हणलो होतो इथं. मीच तिचं घर उपसलं.' आणि त्यानं फोन ठेवला.

झोप कुठली. मी रिक्षा करून रोशनगेट गाठलं. याह्याभाई नाश्ता करत होते. मी धापा टाकत सांगितलं, ते ऐकत होते आणि त्यांचा घास हातातच राहिला. मगरीचं पिल्लू आवाज देतं हीच त्यांना नवी बातमी. मोनालीनं पाठवलेला आवाज मी फोनवर लावला. ओंक्, ओंक्, असा नाकातून आलेला, आखूड. त्यांनी डोळे मिटून तो ऐकला, पुन्हा लावायला सांगितला आणि मग स्वतः करून दाखवला. हसीनाभाभी आतून धावत बाहेर आल्या, घशात काही अडकलं वाटलं त्यांना. खरं काय ते कळल्यावर म्हणाल्या, 'जाव, आजपर्यंत माणसांचे कान खाल्ले, आता मगरीचे खाव.' आणि डबा बांधून दिला.

याह्याभाईंची एक जुनी तिचाकी आहे, टपावर दोन भोंगे. तीत बसून आम्ही निघालो. वाटेत त्यांचा रियाज चालूच. महानुभाव आश्रमाच्या चौकात सिग्नल लागला तर एका हातानं हॅंडल धरून हा माणूस ओंक् ओंक् करतोय आणि मी नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत शेजारी बसलेली. बाजूच्या मोटारसायकलवाल्यानं मला विचारलं, घाटी दवाखान्यात नेताय का? मी नुसती मान हलवली, समजावत बसायला वेळ नव्हता.

गावात पोचलो तर कचरू बांधावर बसला होता. सकाळपासून त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता. याह्याभाईंनी त्याला जयभीम केला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आधी मला मालकीणबाई दाखव. माल बघण्याची सवय इथंही सुटली नाही. बांधाआडून त्यांनी ती मगर बघितली, रिकाम्या खड्ड्याशी बसलेली. बराच वेळ बघितली. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. गाडीकडे जाऊन त्यांनी वायरी जोडल्या.

आणि मग त्यांनी ती चूक केली, जी जगात फक्त तेच करू शकतात. रानाच्या मधोमध गाडी उभी केली, दोन्ही भोंगे ढिगांकडे वळवले, आवाज पूर्ण वाढवला, वर आवाज घुमवणारं दुकानातलं बटणही दाबलं, घसा खाकरला आणि जन्माची सवय, तोंडातून आधी निघालं, 'ऐका ऐका ऐका!' मग ओंक्. असा ओंक् की लिंबावरचे कावळे उडाले. चितेगावच्या कारखान्यातला भोंगा वाजावा तसं ते भोंग्यातलं पिल्लू ओरडलं. गाव धावत आलं. काहींना वाटलं, काहीतरी विकायला आलंय.

माणसांच्या आधी पोचली ती कचरूची सासू. इतकी जड बाई एवढ्या वेगानं चालू शकते हे मला ठाऊक नव्हतं. पोट उचलून, चारी पायांवर, ती सरळ बांध चढून आली आणि तोंड वासून फुत्कारली, घशातून खरखर करत. गाव ट्रॉलीत चढलं. गोजरआत्या, जिला एरवी पायरी चढवत नाही, ती ट्रॅक्टरच्या सीटवर. मोनाली सगळ्यांना गप्प आणि स्थिर राहायला सांगत होती. याह्याभाई तिचाकीच्या टपावर बसले होते, एका हातात माईक, दुसऱ्या हातात चप्पल. चप्पल कशासाठी काढली हे त्यांना अजून सांगता येत नाही.

मोनालीनं हळूच हात लांबवून यंत्र बंद केलं. आवाज थांबला. मगर बांधावर उभी राहिली, इकडेतिकडे मान फिरवली. तिचं पोर ओरडत होतं आणि आता कुठंच नव्हतं. थोड्या वेळानं ती वळली आणि आली तशी परत गेली, पण आता हळूहळू. कचरूनं तोंड फिरवलं.

सगळ्यांत वाईट म्हणजे ढीग मुके झाले होते. मोनाली म्हणाली, तिला नक्की सांगता येणार नाही, पण एवढ्या मोठ्या आवाजानं माती हादरली असणार आणि घाबरलेलं पिल्लू गप्पच बसतं. याह्याभाई टपावरून उतरले. भोंग्यांकडे बघितलं. त्यांच्यासारख्या माणसाला असं खजील झालेलं मी कधी बघितलं नव्हतं आणि मला बघवत नव्हतं.

'सिस्टर, मेरेकू दुसरं काही येत नाय,' ते म्हणाले.

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, येत नाही म्हणजे काय, माझ्या वॉर्डात कमी दिवसांची बाळं येतात, तळहाताएवढी, मोठ्यानं बोललं तर दचकतात. मी रोज नव्या आयांना शिकवते, तुम्हाला शिकवायला काय धाड भरली? त्यांना मी तिथंच रानात पालथं झोपवलं. एक गाल गाळावर, तोंडाभोवती हात. पहिला आवाज आला तो चौघांना ऐकू जाईल एवढा. मी म्हटलं, हळू. दुसरा थोडा कमी. अजून हळू. श्वासावर बोला, गळ्यावर नको. घाम फुटला त्यांना. ओरडायला कष्ट पडत नाहीत त्या माणसाला, पण हळू बोलताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. शेवटी एक ओंक् निघाला, इतका बारीक की शेजारी बसून मला जेमतेम कळला.

मोनालीनं ऐकला आणि मान डोलावली.

मग ते सुरू झालं. ट्रॅक्टर बंद, फोन बंद, गाव बांधावर चिडीचूप. याह्याभाई एका ढिगापाशी झोपायचे, हाक द्यायचे, कान लावायचे, वाट बघायचे, उठायचे, पुढचा ढीग. त्यांचा पांढरा कुर्ता काळा झाला, दाढीत गाळ गेला. ऊन माथ्यावर आलं. मी त्यांना पाणी पाजत होते, कचरू त्यांच्या मागून प्रत्येक ढिगाशी गुडघे टेकत होता. एकदा बांधावर कुणीतरी शिंकलं तर गोजरआत्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तो घरीच गेला. एक रांग संपली, काही नाही. दुसरी संपली. कचरूचा चेहरा दगड झाला होता. तो कुणाकडे बघत नव्हता.

तिसऱ्या रांगेत, लिंबाच्या सावलीच्या कडेला, याह्याभाईंनी हाक दिली आणि कान लावला. मग पुन्हा दिली. आणि त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात वर केला, कुणी हलू नका असा. मी वाकले. मातीच्या आतून, फार खोलून, कुणीतरी म्हणालं, ओंक्. लगेच दुसरं. मग तिसरं, आणि मग सगळी मिळून, एकमेकांवर, भांडल्यासारखी. इतकी वर्षं मी पहिलं रडू ऐकते आहे, पण माती बोलते हे प्रथम ऐकलं.

फावड्याला कुणी हात लावला नाही. कचरू, गोजरआत्या, मोनाली आणि मी, सगळ्यांनी बोटांनी गाळ बाजूला केला. याह्याभाई एकीकडून हाक देतच राहिले, म्हणजे पिल्लं गप्प व्हायला नकोत. आधी फुटकी टरफलं लागली, मेलेली पिल्लंही लागली. कचरूनं ती एकेक उचलून बाजूला ठेवली. मग एक अंडं हातात आलं ते हलत होतं. त्याला चीर गेलेली, चिरेतून नाकाचं टोक. मोनालीनं टरफल अलगद सोललं आणि एवढंसं जनावर बाहेर आलं, पिवळसर, काळे पट्टे, डोळे उघडे. बाहेर आल्या आल्या त्यानं मोनालीच्या हातमोज्याला चावायचा प्रयत्न केला. गोजरआत्या म्हणाली, 'हाय, कचरूच्याच सासरचं हाय.' बांधावरचं गाव हसलं आणि कचरूही हसला, दिवसभरात पहिल्यांदा.

जिवंत निघाली ती घमेल्यात ओल्या पोत्यावर ठेवली. घमेलं ओरडत होतं, दुसरा शब्द नाही. ऊन कलल्यावर मोनाली आणि कचरूनं ते उत्तरेच्या कोपऱ्यात नेऊन पाण्याच्या काठाला आडवं केलं आणि पळत बांधाआड आले. आम्ही सगळे पोटावर झोपून बघत होतो.

ती आली. यावेळी धावत नाही. पाण्यातून डोकं काढलं, थांबली, ऐकलं. मग काठाला येऊन तिनं आपलं ते भलंमोठं तोंड उघडलं आणि पहिलं पिल्लू आत घेतलं. कचरू उठायलाच निघाला होता, खाल्लं, खाल्लं म्हणत. मोनालीनं त्याची कॉलर धरून खाली बसवला आणि सांगितलं की ती अशीच नेते. खरंच, पाण्यात जाऊन तिनं जबडा सोडला आणि पिल्लू पोहायला लागलं. असं तिनं कितीतरी वेळा केलं. काही पिल्लं स्वतःच धावली, काही तिच्या डोक्यावर चढली. शेवटी काठ रिकामा झाला आणि ती वळून खोल पाण्याकडे निघाली.

एक राहिलं होतं. ते कचरूला दिसलं. उलट्या दिशेनं सरपटत गेलेलं आणि पडलेल्या कुंपणाच्या काट्यांत अडकलेलं. दमलं होतं, आवाज देत नव्हतं. तिला ते माहीत नव्हतं, ती चालली होती. कचरूनं याह्याभाईंचा हात धरला, नुसता धरला.

याह्याभाईंनी गाल मातीला लावला आणि हाक दिली. काट्यांतून काही आलं नाही. दिवसभर बोलून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी थुंकी गिळली आणि पुन्हा हाक दिली, पहिलीपेक्षाही लहान. मग काट्यांतून उत्तर आलं. एकच, पण आलं.

पाण्यात ती थांबली. सावकाश वळली. काठावर आली, काट्यांत नाक खुपसलं, काट्या बाजूला सारल्या आणि ते शेवटचं पोर दातांत धरून घेऊन गेली.

कचरू बांधावर बसून ढसाढसा रडला. मीही रडले, गोजरआत्याही. याह्याभाई तेवढे गप्प बसले होते, पाण्याकडे बघत, दाढीतला गाळ वाळलेला. त्यांना असं गप्प बघून कचरूला राहवेना.

'भाऊ, तुम्ही बोला की कायतरी,' तो म्हणाला.

'अब क्या बोलू, भाऊ,' याह्याभाई म्हणाले, इतक्या हळू की आम्हा दोघांनाही वाकावं लागलं. 'जिला ऐकायचं होतं, तिनं ऐकलं.'